धागा: गावच्या आरोग्य केंद्राला एआयवाला डोळ्यांचा कॅमेरा द्यावा का?

जैतापूरखाडी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. मुंबईत गावकऱ्यांचं मंडळ आहे. यंदा खर्च वजा जाता बरी शिल्लक राहिली आणि दोन देणगीदारांनी वर भर घालायची तयारी दाखवली. सभेपुढे सभामंडपाच्या पत्र्यांचा विषय होता, पण बहुतेकांचं म्हणणं पडलं की या खेपेला पैसा दवाखान्याला जावा. त्यातून ठराव आला की प्राथमिक आरोग्य केंद्राला डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा द्यायचा. त्यात एआय असतं आणि मधुमेहामुळे पडदा खराब होतोय का, हे ते जागच्या जागी सांगतं.

हा विषय मी लावून धरलाय, आणि त्याला कारण माझे धाकटे काका. बरीच वर्षं साखर होती, गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. पेपर वाचायचे, होडी घेऊन खाडीत जायचे, डोळ्यांची तक्रार म्हणून नव्हती. एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे काळी जाळी आली. घरी सगळ्यांना वाटलं मोतीबिंदू असेल, गणपती झाले की बघू. गणपतीनंतर घाट चढून वर नेलं तेव्हा डोळ्यात रक्त उतरलेलं आणि पडदा ओढला गेलेला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याची नजर फारशी परतली नाही. डावा लेसरवर वाचला. इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्याचा मागचा भाग एकदाही कोणी पाहिला नव्हता, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

कॅमेऱ्याची किंमत काही लाखांच्या घरात जाते. लोकांचा पैसा आहे, म्हणून जाणकारांना विचारतो. हे यंत्र खरंच डॉक्टरइतकं ओळखतं का? ते चालवणार कोण? आणि त्यानं सांगितलं की बिघाड आहे, तर पुढे काय?

---

पडदातज्ज्ञ

मी मूळचा देवगडचा, सध्या घाटावर एका रुग्णालयात दृष्टिपटलाचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचं, काम करतो. आमच्याकडे कोकणातून येणाऱ्या मधुमेही रुग्णांत तुमच्या काकांसारखे पुष्कळ असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आजार समजून घ्या. साखर बराच काळ वाढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांना टाचणीच्या टोकाएवढे फुगवटे येतात, त्यातून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपतं. पाणी पडद्याच्या मध्यबिंदूवर साठलं की वाचताना अक्षरं वाकडी किंवा पुसट दिसतात. पुढच्या टप्प्यात पडद्याचा काही भाग रक्ताविना राहतो आणि तिथे नव्या, नाजूक वाहिन्या फुटू लागतात. त्या फाटल्या की काकांना दिसली तशी काळी जाळी येते, आणि या नव्या वाहिन्यांसोबत येणारी तंतूंची जाळी आकसली की पडदा ओढला जातो. या सगळ्यात डोळा दुखत नाही. मध्यबिंदू शाबूत असेपर्यंत नजरही ६/६ राहू शकते. म्हणून ‘मला नीट दिसतंय’ या वाक्यावर विसंबता येत नाही. टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी एकदा आणि नंतर वर्षाला एकदा पडदा तपासायचा, एवढा साधा नियम आहे. गरोदर बाईला आधीपासून मधुमेह असेल तर पहिल्या तिमाहीतच.

‘स्मार्ट इंडिया’ या अभ्यासाचे आकडे २०२२ साली आले. चाळिशीपुढच्या मधुमेही लोकांत १२.५ टक्क्यांना पडद्यावर बदल होते आणि ४ टक्क्यांची नजर धोक्यात होती. म्हणजे शंभर मधुमेही तपासले तर चौघांना तातडीने आमच्याकडे यायला हवं. ते चौघे कोण, हे बाकीच्यांना घाट चढायला न लावता शोधायचं आहे. एआय इथे उपयोगी पडतं.

यंत्र ओळखतं का? ओळखतं. २०१६ साली गूगलच्या गटाचा शोधनिबंध ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,२८,१७५ फोटो आणि ते पारखायला ५४ नेत्रतज्ज्ञ, प्रत्येक फोटो तीन ते सात जणांनी पाहिलेला. त्यात आपल्याकडच्या अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय इथलेही फोटो होते. ही बाब महत्त्वाची आहे, कारण आपल्या लोकांच्या पडद्याचा रंग गोऱ्या माणसाच्या पडद्यापेक्षा गडद असतो. यंत्र ज्या डोळ्यांवर शिकलं त्या डोळ्यांवरच ते भरवशाचं. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने आयडीएक्स-डीआर या प्रणालीला मान्यता दिली. डॉक्टरने फोटो न पाहताही निकाल देणारी ती पहिली. तिची चाचणी डोळ्यांच्या रुग्णालयात झाली नव्हती, साध्या दवाखान्यांत ९०० मधुमेहींवर झाली होती.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर मुंबईचं आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्यावर, इंटरनेटशिवाय चालणारं भारतीय बनावटीचं एआय वापरून बघितलं. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. पुढे पाठवण्याजोगा आजार असलेला एकही रुग्ण त्यातून सुटला नव्हता, आणि निरोगी लोकांपैकी ८८.४ टक्क्यांना यंत्राने बरोबर ‘ठीक’ म्हटलं होतं. अभ्यास लहान होता, त्यामुळे ‘एकही सुटत नाही’ असा अर्थ काढू नका. पण कोकणासाठी इंटरनेटशिवाय चालणं ही मोठीच सोय आहे.

तुमचा तिसरा प्रश्न खरा अवघड. त्यावर नंतर लिहितो, ओपीडी सुरू होतेय.

---

मालवणी_झील

डॉक्टरांनी लिवल्यानी ता शंभर टक्के खरा. माझ्या आवशीक साखर असा. औषधा वेळेर घेता. पण डोळे दाखवूक कुडाळाक चल म्हटला की म्हणता, माका बरा दिसता, कित्याक येव? त्यात डोळ्यात थेंब घातले की दिसभर धूसर, परतीच्या एसटीत चढताना भीती. आमच्या केंद्रात साखर बघूक ती दर महिन्याक जाता. थयच फोटो निघालो तर ती नाय म्हणाची नाय.

---

मांडवीकाठ

मी पणजीचा. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा इंडियाब हा मधुमेहाचा अभ्यास २०२३ साली आला तेव्हा आमच्याकडे वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली. देशात १०.१ कोटी मधुमेही, प्रमाण ११.४ टक्के. पण गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. बांद्याच्या सीमेपलीकडे, तुमच्या सिंधुदुर्गात, खाणंपिणं आणि राहणी काही एकदम बदलत नाही. तिथली माणसं आमच्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात येतातच. त्यामुळे ‘आमच्या गावात असे किती असणार’ असा प्रश्न मंडळात कोणी काढला तर त्यांना हा आकडा दाखवा.

---

कोडवाला_दापोली

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण प्रतिमा ओळखणारी सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. मंडळाच्या सभेत एक गोष्ट समजावून सांगा, नाहीतर पुढे लोकांचा विश्वास उडेल.

हे यंत्र ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं पाहत नाही. प्रत्येक फोटोला ते शून्य ते एकच्या दरम्यान एक आकडा देतं. कुठल्या आकड्यापुढे ‘पाठवा’ म्हणायचं ती रेघ माणूस आखतो. गूगलच्या त्याच निबंधात एकाच प्रोग्रॅमच्या दोन रेघा दिल्या आहेत. एका रेघेवर त्याने १०० आजारी डोळ्यांतले ९०.३ पकडले आणि निरोगी ९८.१ टक्के बरोबर सोडले. रेघ खाली आणल्यावर आजारी ९७.५ टक्के पकडले, पण निरोगी ९३.४ टक्केच बरोबर सोडले. रुग्ण निसटू नये म्हणून जाळं बारीक केलं की निरोगी माणसंही जास्त अडकतात.

आता आयडीएक्सचे चाचणीतले आकडे घेऊन कागदावर हिशेब करतो. १,००० मधुमेही तपासले आणि त्यात पुढे पाठवण्याजोगे ८० आहेत असं धरू. हे ८० माझं गृहीतक, बाकी आकडे चाचणीचे. आजार ओळखण्याचं प्रमाण ८७.२ टक्के, म्हणजे ७० सापडतील, १० सुटतील. उरलेल्या ९२० निरोगींपैकी ९०.७ टक्क्यांना ‘ठीक’ म्हटलं जाईल, म्हणजे ८६ जणांना उगीच ‘पाठवा’ असा कागद मिळेल. एकूण १५६ जण पाठवले जातील आणि त्यातल्या निम्म्याहून अधिकांना तिथला डॉक्टर म्हणेल, काही नाही, घरी जा.

शहरात हे चालतं, रिक्षा करून माणूस जाऊन येतो. राजापूरच्या खाडीवरून कोल्हापूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस, सोबतच्याची बुडालेली मजुरी, गाडीभाडं. दोघातिघांना असा अनुभव आला की वाडीत बोललं जातं, ‘ते मशीन काहीही सांगतं.’ मग ज्याला खरंच जायला हवं तोही जात नाही.

---

नेत्रसेवा_लांजा

शासकीय सेवेत नेत्रचिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त. ग्रामीण रुग्णालयात बसून ठरलेल्या दिवशी आजूबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना भेट द्यायची, असं आमचं काम. चष्म्याचे नंबर, शाळेची तपासणी, मोतीबिंदूची शिबिरं यातच दिवस जातो. पडदा बघायला वेळ अपुरा आणि साधनं त्याहून अपुरी.

‘चालवणार कोण’ याचं उत्तर माझ्या मते असं. आरोग्य केंद्रात असंसर्गजन्य आजारांची नोंद असते, तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब-साखर तपासणी होते, आशा ताईंनी घरोघरी अर्ज भरलेले असतात. गावात मधुमेही कोण कोण, याची यादी म्हणजे तयार आहे. शिकवलं तर परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी चांगले फोटो काढू शकतात. हात बसायला काही आठवडे लागतात, एवढंच.

अडचण फोटोच्या दर्जाची येते. आपल्याकडची साठीपुढची माणसं, त्यात अर्ध्याअधिकांना कमी-जास्त मोतीबिंदू. मधुमेहात बाहुलीही लहान राहते, अंधारातसुद्धा पुरेशी उघडत नाही. फोटो ढगाळ आला की यंत्र निकाल देत नाही. थायलंडमध्ये गूगलची प्रणाली ११ दवाखान्यांत लावली होती, त्याचा अभ्यास २०२० साली आला. पहिल्या सहा महिन्यांत १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने नाकारले. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट हळू होतं, आणि परिचारिकेला डोळ्यांनी स्वच्छ दिसणारा फोटोही यंत्र घेत नव्हतं. तिथे आधी तज्ज्ञाकडून निकाल यायला दहा आठवडेसुद्धा लागायचे, म्हणून यंत्र मोलाचं होतंच. पण खोली आणि वीज यांचा विचार कोणी आधी केला नव्हता.

तेव्हा कॅमेऱ्याआधी एक खोली बघा. खिडकीला जाड काळा पडदा, उंची कमी-जास्त होणारं टेबल, इन्व्हर्टर. पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चाला. दमट हवेत भिंगाला बुरशी धरते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि त्या बदलायची जबाबदारी एका नावावर. देणगीची यंत्रं पहिल्या पावसाळ्यानंतर बंद पडून कपाटात गेलेली मी पाहिली आहेत. वार्षिक देखभालीचा करार केल्याशिवाय पैसे देऊ नका, ही हात जोडून विनंती.

---

कोकमसरबत

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या आईचा आजार सापडला, अगदी वेळेत सापडला. एका शिबिरात फोटो काढला, दोन मिनिटांत ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा कागद हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. कुठे जायचं, किती दिवसांत जायचं, खर्च किती, काही नाही. आईने तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून दिला. मी मुंबईहून दिवाळीला आले तेव्हा माझ्या हाती लागला.

पुढे इंजेक्शनं सुरू झाली. डोळ्यात सुई म्हटल्यावर ती रात्रभर झोपली नाही. प्रत्यक्षात बधिर करून देतात, काही सेकंदांचं काम, फार दुखलं नाही असं ती म्हणते. पण एका इंजेक्शनात भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला. दरवेळी कुणीतरी सोबत हवं. भातलावणी आली तेव्हा एक चुकलं, मग पावसात घाट बंद म्हणून दुसरं चुकलं.

जैतापूरखाडी, मशीन शोधेल याबद्दल मला शंका नाही. शोधल्यावर माणसाला एकटं सोडू नका. मंडळाकडे पैसा असेल तर त्यातला काही भाग गाडीभाड्याला आणि सोबतीला बाजूला काढा.

---

पडदातज्ज्ञ

कोकमसरबत ताईंनी लिहिलं त्यातच ‘पुढे काय’चं अर्धं उत्तर आहे. उरलेलं मी देतो.

उपचार मुख्यत्वे तीन. लेसर, डोळ्यातलं इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया. मध्यबिंदूवर पाणी साठलं असेल तर इंजेक्शन. यात बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट अशी औषधं आहेत आणि त्यांच्या किमतींत काही पटींचा फरक आहे. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१५ पासून मिळते. डॉक्टरांना न संकोचता विचारा की माझ्या डोळ्याला स्वस्तातलं चालेल का. बऱ्याच रुग्णांना चालतं.

नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेसर किंवा इंजेक्शन, दोन्ही मार्ग आहेत. २०१५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत इंजेक्शन लेसरपेक्षा कमी नाही असं दिसलं आणि बरेच जण तिकडे वळले. पण त्या चाचणीतले रुग्ण नेमाने येत होते. नंतर २०१९ मध्ये असे रुग्ण तपासले गेले ज्यांचं येणं मध्येच बराच काळ तुटलं होतं. नुसत्या इंजेक्शनवर असलेल्यांचे डोळे लेसर झालेल्यांपेक्षा जास्त बिघडले होते. इंजेक्शनचा परिणाम ओसरतो, लेसरचा टिकतो. म्हणून घाटाखालून येणाऱ्या रुग्णाला मी आधी विचारतो की पावसाळ्यात येणं जमेल का, सोबत कोण आहे. उत्तर डळमळीत असेल तर लेसरकडे झुकतो. हा प्रश्न कुठलंही सॉफ्टवेअर विचारत नाही. तुमच्या डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्हीच सांगा की आम्ही अमुक गावाहून येतो, दर महिन्याला जमणार नाही.

उपचारात एआय कुठे आलंय, तर ओसीटी या तपासणीत. ओसीटी म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचा काढलेला आडवा छेद. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयाने गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीबरोबर २०१८ मध्ये दाखवलं की सुमारे १५,००० छेदांवर शिकलेली प्रणाली ५० हून अधिक आजारांत ‘किती लवकर पाठवावं’ हे तज्ज्ञांइतकंच अचूक सांगते. व्हिएन्नातल्या गटाने पडद्यात साठलेलं पाणी नॅनोलिटरमध्ये मोजणारी साधनं तयार केली. त्यामुळे पुढचं इंजेक्शन चार आठवड्यांनी द्यायचं की दहा, हे अंदाजापेक्षा मापावर ठरू शकतं. माझ्या रुग्णांची एक जरी फेरी त्याने वाचली तरी मला ते हवंच आहे. मे २०२४ मध्ये तर म्हातारपणीच्या ओल्या मॅक्युलर ऱ्हासासाठी, म्हणजे पडद्याच्या मध्यबिंदूच्या झिजेसाठी, घरी बसून करायच्या ओसीटीला एफडीएने मान्यता दिली. आपल्या गावापर्यंत यायला त्याला वेळ आहे. ओसीटी यंत्र आज शहरातच, हे धरून बेत आखा.

कोडवाला यांनी काढलेल्या ८६ जणांवर मात्र उपाय आहे आणि तो सोपा आहे. यंत्राने ‘पाठवा’ म्हटलं की माणसाला गाडीत बसवायच्या आधी फक्त फोटो पाठवा. १,००० मधले १५६ फोटो बघायला तज्ज्ञाला काही संध्याकाळी पुरतात. त्यातून उगीच अडकलेले बरेचसे गळून पडतील, आणि ज्याच्या डोळ्यात नव्या वाहिन्या दिसताहेत त्याला महिनाभर न थांबता याच आठवड्यात बोलावता येईल. यंत्राने आधी चाळायचं आणि नंतर माणसाने निवडायचं. कोकणासाठी मला हीच पद्धत बरोबर वाटते. निव्वळ यंत्रावर सोडणं मला मान्य नाही.

एक इशारा देऊन थांबतो. या प्रणाली मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम शोधायला शिकलेल्या असतात. ‘ठीक’ असा कागद मिळाला म्हणजे काचबिंदू नाही, पडदा कुठे फाटलेला नाही, असं होत नाही. डोळ्यापुढे अचानक ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर कॅमेऱ्याची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

---

मांडवीकाठ

पडद्याच्या फोटोवरून हृदयविकाराचा धोकाही कळतो असं वाचलं होतं. मग एकाच कॅमेऱ्यात दोन्ही कामं होतील का?

---

पडदातज्ज्ञ

२०१८ चा गूगलचाच अभ्यास आहे. फोटोवरून वय साधारण सव्वातीन वर्षांच्या फरकाने, शिवाय स्त्री-पुरुष, धूम्रपान, रक्तदाब यांचा अंदाज यंत्राने बांधला. २०२३ मध्ये मूरफील्ड्सच्या गटाने १६ लाख प्रतिमांवर शिकवलेलं ‘रेटफाउंड’ हे मॉडेल खुलं केलं, तेही याच दिशेने जातं. संशोधन म्हणून फार मोलाचं आहे. पण त्यासाठी कॅमेरा घेऊ नका. रक्तदाब मोजायला पट्टा आहे आणि तो आपल्या केंद्रात आजच आहे.

---

कोडवाला_दापोली

विदेबद्दल, म्हणजे डेटाबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. काही ठिकाणी यंत्र सवलतीत मिळतं आणि फोटो विक्रेत्याच्या सर्व्हरवर जातात. डोळ्याचा फोटो ही माणसाची वैद्यकीय नोंद आहे. २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आहे, आयसीएमआरनेही त्याच वर्षी आरोग्यातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. फोटो कुठे साठवणार, किती काळ, त्यावर पुढे मॉडेल शिकवणार का, हे करारात मराठीत लिहून घ्या. संमतीचा कागदही मराठीत आणि वाचून दाखवलेला असावा. आजीचा अंगठा घेऊन मोकळं होणं बरोबर नाही.

आणि सॉफ्टवेअर भारतात वैद्यकीय उपकरण म्हणूनच गणलं जातं. त्याची सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडची परवानगी बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

---

आशा_सेविका_गुहागर

मी आशा म्हणून काम करते, मोबाइलवरून लिहितेय. माझ्या भागातलं सांगते. खलाशी पुरुष हंगामात सापडतच नाहीत, पहाटे समुद्रावर आणि दुपारी झोपेत. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हाच ते घरी असतात. बायका सकाळी मासळी विकायला जातात, त्यांना दुपारी तीननंतरच वेळ. आंबा-काजूच्या दिवसांत बागेतली माणसं येणार नाहीत. शिबिराची तारीख तालुक्याला बसून ठरवतात आणि मग म्हणतात लोक आले नाहीत.

दुसरं. ‘डोळा तपासा’ म्हटलं की लोकांना वाटतं चष्मा मिळणार. मी सांगते, ‘साखरेने पडदा कुजतोय का ते बघायचंय, दिसत असलं तरी.’ मग ऐकतात. ज्यांना पाठवलंय त्यांची नावं मला दिली तर मी दारात जाऊन विचारू शकते, गेलात का म्हणून. नाव कळलंच नाही तर मी काय करणार?

आणि कमी दिवसांच्या बाळांचं पण असंच असतं का? आमच्याकडे एक बाळ आहे, फार लहान जन्मलं होतं.

---

पडदातज्ज्ञ

आशाताई, बाळाचा प्रश्न फार महत्त्वाचा. जन्मवजन २ किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्म असेल तर ३० दिवसांच्या आत पडदा तपासायलाच हवा, अगदीच लहान बाळ असेल तर २० दिवसांच्या आत. त्यांच्या पडद्यावरच्या वाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात आणि आजार काही दिवसांत झपाट्याने वाढतो. कर्नाटकात २००८ पासून ‘किड्रॉप’ हा कार्यक्रम चालतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ जिल्ह्यातल्या नवजात कक्षांत जाऊन फोटो काढतात आणि बंगळुरूचे तज्ज्ञ ते बघतात. त्या फोटोंसाठीही एआय तयार होतंय, पण तो कॅमेरा वेगळा, मंडळाच्या आवाक्याबाहेरचा. तुमच्या भागातल्या या बाळाची तपासणी झाली आहे का, हे आजच बघा. झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात विचारा.

---

आशा_सेविका_गुहागर

आत्ताच आईला फोन केला. तपासणी झालेली नाही. उद्या सकाळी घेऊन जाते.

---

जैतापूरखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दादरला सभा झाली, तिथे हा धागा वाचून दाखवला. दोन तास बोलणं झालं. जे ठरलं ते लिहितो.

कॅमेरा घ्यायचा, पण लगेच नाही. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून केंद्रात नोंद असलेल्या मधुमेहींचा आकडा मागवायचा. आकडा लहान असेल तर शेजारच्या दोन केंद्रांना धरून एकच हातात धरायचा कॅमेरा फिरता ठेवायचा. यंत्र इंटरनेटशिवाय चालणारं हवं, हे एकमताने. देणगी रुग्ण कल्याण समितीमार्फतच जाईल. पैशाचे तीन भाग केलेत. यंत्र आणि देखभाल करार, खोलीची तयारी आणि इन्व्हर्टर, आणि तिसरा भाग फक्त पुढच्या उपचारांच्या प्रवासाला. तिसऱ्या भागावर वाद झाला. काहींचं म्हणणं, दिसणारी वस्तू द्यावी, तिच्यावर नाव घालता येतं. तेव्हा माझ्या काकूने, म्हणजे त्याच काकांच्या बायकोने, उठून विचारलं की त्या दिवशी गाडी करायला पैसे असते तर आम्ही गणपतीपर्यंत थांबलो असतो का. त्यानंतर तिसरा भाग मंजूर झाला.

पाठवलेल्या माणसाचं नाव आशाताईंकडे जाईल, अर्थात त्या माणसाच्या संमतीने, आणि मुंबईतल्या त्याच्या घरच्यालाही मंडळाकडून फोन जाईल. पहिली तपासणी पावसाळ्यात, बोटी किनाऱ्याला असताना.

एक अडचण अजून सुटलेली नाही. फोटो बघणारा तज्ज्ञ कोण? पडदातज्ज्ञ, तुम्ही लिहिलंत की काही संध्याकाळी पुरतात. तुम्हाला थेट विचारायचा संकोच होतोय, पण विचारतो.

---

पडदातज्ज्ञ

संकोच कशाला. मी बघेन. माझ्याबरोबर आणखी एका सहकाऱ्याला घेतो, म्हणजे मी रजेवर असलो तरी काम अडणार नाही. माझ्या दोन अटी आहेत. यंत्राने ‘ठीक’ म्हटलेल्या फोटोंपैकीही दर वीसातला एक मला पाठवायचा, सुटलेले किती आहेत ते त्याशिवाय कळणार नाही. आणि प्रत्येक पाठवलेल्या रुग्णापुढे ‘पोचला की नाही’ असा रकाना हवा. तो रकाना मी दर महिन्याला मागणार.

---

नेत्रसेवा_लांजा

परिचारिकांना फोटो काढायला मी शिकवतो. निवृत्त आहे, वेळ आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र तेवढं घेऊन ठेवा, म्हणजे केंद्रात बसायला अडचण येणार नाही.

---

मालवणी_झील

आचऱ्याच्या बाजूक पण असा काय करूक जमात तर माका कळवा. आमच्या मंडळाची सभा पुढच्या महिन्यात असा.